पत्र किती जणांसाठी होते, हे आधी पाहा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आनंदीबाई जोशी आणि न्यू जर्सीतील रोझेलच्या कार्पेंटरबाई यांच्या पत्रव्यवहारापासून सुरुवात करून तुम्ही त्या काळातील अमेरिकन स्त्रियांच्या पत्रसंग्रहांकडे वळलात आणि मैत्रिणी एकमेकींना ज्या भाषेत लिहितात ती पाहून अडखळलात. ही प्रेमपत्रे समजायची, की त्या काळी लिहिण्याची रीतच तशी होती, असे तुम्ही विचारले आहे. केवळ पत्रांच्या आधारे एखाद्या साहित्यिक वर्तुळाविषयी प्रबंध लिहिता येईल का, अशी दुसरी शंकाही त्याला जोडली आहे. गेली बावीस वर्षे मी अमेरिकेतील एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात एकोणिसाव्या शतकातील कौटुंबिक पत्रे लावण्याचे आणि त्यांच्या सूची करण्याचे काम करते आहे. त्या अनुभवातून सांगायचे तर तुमच्या दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. पत्र म्हणजे दोघींमधली खाजगी गोष्ट, असे आपण धरून चालतो. पत्रातील भावना खरी की रीतीची हे ठरवण्याआधी ते पत्र किती जणांनी वाचावे म्हणून लिहिले होते, प्रत्यक्षात किती जणांनी वाचले आणि पुढे कोणाच्या हातून ते आपल्यापर्यंत आले, हे पाहावे लागते.

उत्तर पुष्कळसे पत्राच्या सालावर अवलंबून आहे, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. १८४५ पूर्वी अमेरिकेत टपालाचा आकार, म्हणजे शुल्क, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. दीडशे ते चारशे मैलांसाठी एका कागदाला पावणेएकोणीस सेंट पडत, चारशे मैलांपुढे पंचवीस. दुसरा कागद घातला की आकार दुप्पट, आणि पाकीट हाही एक कागदच मोजला जाई. त्यामुळे पाकीट न वापरता एकाच मोठ्या कागदावर लिहून, तो घडी घालून, लाखेने बंद करून बाहेरच्या बाजूस पत्ता लिहीत. शिवाय हे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. जिच्यासाठी घरातील कर्त्या पुरुषाने पैसे मोजले ते पत्र तिच्या एकटीचे राहणे कठीणच होते. ते दिवाणखान्यात वाचले जाई. १८४५ च्या कायद्याने अर्ध्या औंसाच्या पत्राला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट असा वजनावर आधारलेला दर आला. १८५१ मध्ये आगाऊ पैसे भरलेल्या पत्राला तीन हजार मैलांपर्यंत तीन सेंट झाले, १८५५ मध्ये आगाऊ भरणा सक्तीचा झाला, १८६३ मध्ये शहरांतून घरपोच वाटप सुरू झाले आणि १८८३ मध्ये दर दोन सेंटांवर आला. १८३८ च्या पत्रात महिनाभराची हकिकत एका कागदावर दाटलेली दिसते आणि १८८५ च्या पत्रात सकाळच्या चहाविषयी चार ओळी दिसतात, यावरून पहिली बाई गंभीर होती आणि दुसरी उथळ, असा निष्कर्ष काढू नका. दोघींच्या हाती वेगवेगळे टपालखाते होते.

कागद वाचवण्यासाठी आडव्या ओळींनी पान भरले की ते काटकोनात फिरवून त्याच ओळींवरून उभ्या ओळी लिहीत. असे पान प्रथम हाती आले की जाळीच दिसते. ते मेजावर सपाट न ठेवता, सांभाळून थोडे तिरपे धरावे. म्हणजे नजरेच्या दिशेने जाणाऱ्या ओळी वर येतात आणि आडव्या मागे सरतात. अशा एका पत्राने मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी धडा दिला. एका विवाहित स्त्रीने धाकट्या बहिणीला लिहिलेले ते पत्र मी 'बहिणीस खाजगी पत्र' म्हणून सूचीत नोंदवले आणि त्यातील गोड, नीटनेटक्या मजकुरावरून तिच्या सुखी संसाराविषयी दोन ओळींचा सारांशही लिहून टाकला. काही महिन्यांनी तोच कागद पुन्हा उघडला तेव्हा लाखेखाली झाकल्या जाणाऱ्या घडीवर, नखाएवढ्या अक्षरांत, दोन ओळी दिसल्या. हे मोठ्याने वाचू नकोस, असे सांगून तिने तेथे आपल्या आजारपणाची आणि एकटेपणाची गोष्ट लिहिली होती. पत्राचा सारा मोठा भाग घराला ऐकवण्यासाठी होता. बहिणीसाठी होत्या त्या दोनच ओळी. मी पत्र वाचले होते, पण कागद वाचला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक पत्रात आधी घड्या, कोपरे आणि समास पाहते, आणि मजकुराकडे त्यानंतर वळते.

पत्र हातोहात फिरत असे ही गोष्ट साहित्यिक वर्तुळांत फार महत्त्वाची ठरली. कधी उपकारक, कधी घातकही. गुलामीतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्ज या स्त्रीचे उदाहरण मी प्रत्येक नव्या अभ्यासकाला सांगते. आपली कहाणी 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांनी लिहावी अशी जेकब्ज यांची इच्छा होती. रॉचेस्टर येथील त्यांच्या मैत्रीण एमी पोस्ट यांनी त्यासाठी स्टो यांना पत्र पाठवले, आणि त्या पत्रात जेकब्ज यांच्या आयुष्यातील अत्यंत खाजगी गोष्टी होत्या. स्टो यांनी ते पत्र खातरजमा करण्यासाठी जेकब्ज ज्यांच्या घरी नोकरीस होत्या त्या कॉर्नेलिया विलिस यांच्याकडेच पाठवून दिले. जेकब्ज यांनी स्वतःच्या मुलांचे पितृत्व विलिसबाईंना तोवर सांगितलेले नव्हते. जेकब्ज दुखावल्या, आणि आपली कहाणी स्वतःच लिहायला बसल्या. दिवसभर विलिस कुटुंबाची मुले सांभाळायची आणि रात्री, धन्याला कळू न देता, लिहायचे. पुस्तक १८६१ मध्ये टोपणनावाने निघाले, संपादक म्हणून लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांचे नाव होते, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे पुष्कळ विद्वान ते चाइल्डबाईंनीच रचले असावे असे मानत राहिले. अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी १९८७ च्या आवृत्तीत ते जेकब्ज यांचेच असल्याचे सिद्ध केले. त्यातील मोठा पुरावा म्हणजे जेकब्ज यांनी एमी पोस्ट यांना लिहिलेली आणि पोस्ट कुटुंबाच्या कागदांत जपून राहिलेली पत्रे. एका पत्राने विश्वास मोडला, आणि दुसऱ्या पत्रांनी लेखिकेला तिचे पुस्तक परत दिले.

या उदाहरणातून आणखी एक सावधगिरी निघते. आपल्याकडे आलेले संग्रह प्रामुख्याने ईशान्येकडील, शिकलेल्या, सुस्थितीतील गोऱ्या कुटुंबांचे आहेत. त्यांच्याकडे माळे होते, पेट्या होत्या आणि कागद ठेवून घेणारे वारस होते. जेकब्ज यांची पत्रे टिकली ती पोस्ट यांच्या घरी. तेव्हा 'एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्त्रिया' असे प्रबंधाच्या शीर्षकात घालण्यापूर्वी कोणत्या स्त्रिया, हे कृपया स्पष्ट लिहा.

आता भाषेतील जिव्हाळ्याकडे येते. इतिहासकार कॅरोल स्मिथ-रोझेनबर्ग यांनी १९७५ मध्ये पस्तीस कुटुंबांच्या पत्रांवर आणि रोजनिशींवर आधारलेला एक लेख लिहिला, आणि तेथून या विषयाची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली. स्त्रियांची अशी उत्कट मैत्री त्या समाजात उघडपणे मान्य होती, लग्नानंतरही टिकत होती आणि आजच्या साच्यांत ती बसवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते बऱ्याच अंशी पटते. पण त्याचा गैरवापर झालेलाही मी पाहिला आहे. 'रीतच होती' असे म्हटले की प्रत्येक पत्र सारखे होऊन जाते, आणि ते तसे नसते. रीतीतली भाषा कोणती आणि रीत ओलांडणारी कोणती, हे एकाच बाईने वेगवेगळ्या लोकांना लिहिलेली पत्रे शेजारी ठेवल्यावर कळते. ती सगळ्याच मैत्रिणींना 'प्राणप्रिय' म्हणत असेल तर त्या शब्दाचे वजन कमी. एकीलाच म्हणत असेल तर जास्त.

कवयित्री एमिली डिकिन्सन हिने सुझन गिल्बर्टला लिहिलेली पत्रे या कसोटीवर पाहा. १८५१-५२ मध्ये सुझन बाल्टिमोरला शिक्षिका होती आणि एमिली मॅसॅच्युसेट्समधील अॅमहर्स्टला. जून १८५२ मधील एका पत्रावर एमिलीने 'मला जपून उघड' असे लिहून ठेवले आहे. पत्र घरात मोठ्याने वाचले जाते हे जिला ठाऊक आहे तीच अशी सूचना लिहिते. १८५६ मध्ये सुझनचे एमिलीच्या भावाशी, ऑस्टिनशी, लग्न झाले आणि ती शेजारच्याच घरात राहायला आली. त्यानंतर टपालाची गरज उरली नाही; चिठ्ठ्या अंगणातून हातोहात जाऊ लागल्या. १८६१ मध्ये एमिलीच्या एका कवितेचे दुसरे कडवे बदलण्यावरून दोघींत अशाच चिठ्ठ्या झाल्या. सुझनला पहिले कडवे एकटेच पुरेसे वाटत होते. एमिलीने दुसऱ्याचे निराळे पाठ लिहून पाठवले. दोन घरांच्या मधल्या त्या पायवाटेवर एक संपादकीय कचेरीच चालू होती, असे मी म्हणेन. एमिलीने अनोळखी साहित्यिकाला लिहिले तेव्हा तिची रीत पूर्ण वेगळी होती. १५ एप्रिल १८६२ रोजी तिने थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांना चार कविता पाठवून आपले काव्य जिवंत आहे का, असे विचारले. पत्रावर सही केली नाही. नाव एका कार्डावर लिहून ते निराळ्या छोट्या पाकिटात बंद करून आत घातले. सुझनला 'जपून उघड' म्हणणारी आणि हिगिन्सनना नावही झाकून देणारी ही एकच बाई आहे. या दोन टोकांच्या मध्ये तिची बाकीची पत्रे मांडून पाहा, म्हणजे प्रत्येकाचे वजन कळू लागेल.

मात्र या मांडणीत मोठमोठी भगदाडे आहेत. एमिली १८८६ मध्ये वारली तेव्हा तिच्या इच्छेनुसार बहीण लव्हिनिया हिने तिला आलेली बहुतेक पत्रे जाळून टाकली. म्हणजे आपण संवादाची एकच बाजू ऐकतो. नॉरक्रॉस या मावसबहिणींनी संपादकाला मूळ पत्रे न देता निवडक नकला दिल्या, आणि ती मूळ पत्रे पुढे नष्ट झाली. ऑस्टिनला लिहिलेल्या पत्रांत सुझनचे उल्लेख खोडलेले, खरवडलेले आढळतात. १९५८ च्या आवृत्तीत १,०४९ पत्रे होती, २०२४ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत १,३०४ आहेत. आकडा वाढला तरी जळालेले जळालेच. जे हाती आहे ते कोणीतरी राहू दिलेले आहे, ही जाणीव प्रत्येक पानावर ठेवा.

लेखिका आणि विचारवंत मार्गारेट फुलर यांच्याबाबतीत तर मित्रांनीच कात्री चालवली. १८५० मध्ये जहाज फुटून त्या बुडाल्या आणि १८५२ मध्ये इमर्सन, चॅनिंग आणि क्लार्क या तिघा स्नेह्यांनी त्यांचे स्मृतिचरित्र प्रसिद्ध केले. ते करताना त्यांनी पत्रांतला मजकूर गाळला, बदलला, काही ठिकाणी मूळ कागदावरच शाई फिरवली. फुलर यांच्या पत्रांची विश्वसनीय आवृत्ती रॉबर्ट हडस्पेथ यांनी १९८३ पासून सहा खंडांत काढली. तुम्ही फुलर यांच्याविषयी लिहिणार असाल तर १८५२ चे पुस्तक त्या तिघांच्या मनाचा पुरावा म्हणून वापरा. फुलर यांच्या मनाचा म्हणून हडस्पेथ यांचे खंड घ्या.

बोस्टनच्या चार्ल्स स्ट्रीटवरील १४८ क्रमांकाच्या घराचे उदाहरण मला सर्वांत शिकवणारे वाटते. प्रकाशक जेम्स फील्ड्स आणि त्यांच्या पत्नी अॅनी यांचे हे घर. मागची बाग चार्ल्स नदीकडे उतरत जाई, आणि लांबलचक दिवाणखान्यात डिकन्सपासून स्टो यांच्यापर्यंत सगळ्यांची ऊठबस असे. १८८१ मध्ये जेम्स वारले. त्यानंतर मेन राज्यातील साउथ बर्विकच्या कथालेखिका सेरा ऑर्न ज्युएट आणि अॅनी फील्ड्स जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, १९०९ मध्ये ज्युएट वारल्या तोपर्यंत, एकमेकींच्या सोबतीने राहिल्या. वर्षाचा काही काळ ज्युएट बर्विकला असत. त्या काळात पत्रांचा ओघ चालू असे. बोस्टनला परतल्या की तो थांबे. नवखा अभ्यासक तारखांचा तक्ता करतो आणि पत्रे नाहीत त्या महिन्यांत दुरावा आला असे लिहितो. खरे तर त्या महिन्यांत दोघी एकाच मेजावर जेवत होत्या. साहित्यिक वर्तुळाच्या बाबतीत हीच मोठी अडचण आहे. बैठक भरली की पत्र लागत नाही, म्हणून बैठकीत काय बोलणे झाले ते पत्रांत सापडेलच असे नाही. ते बाहेरगावी असलेल्या सभासदाला लिहिलेल्या हकिकतीत, पाहुण्याच्या रोजनिशीत, आभाराच्या चिठ्ठीत शोधावे लागते.

ज्युएट यांची पत्रे अॅनी फील्ड्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळी संपादक मार्क डिवुल्फ हाउ यांनी त्यांना असा सल्ला दिला की लाडकी संबोधने पुष्कळशी काढून टाकावीत, कारण वाटेल ते लोक त्यांचा भलताच अर्थ लावतील. ज्युएट स्वतःला 'पिनी' म्हणत आणि अॅनीला 'फफ'. ही नावे छापील पुस्तकातून बहुतेक गेली. हार्वर्डच्या हूटन ग्रंथालयातील मूळ पत्रांत ती आहेत. तुमच्या मूळ शंकेचे एक उत्तर येथे आहे. १८८० च्या दशकात जी भाषा लिहिताना कोणाला संकोच वाटला नाही, ती १९११ मध्ये छापताना संकोच वाटू लागला. शब्द तेच राहिले; मधल्या तीस वर्षांत वाचणारे बदलले.

पत्र कोणाच्या मालकीचे, यावरूनही या वर्तुळांत वाद पेटत. न्यूयॉर्कमध्ये अॅन लिंच यांच्या वेव्हर्ली प्लेसमधील बैठकीला कवी-कथाकार एडगर अॅलन पो आणि कवयित्री फ्रान्सिस ऑसगुड दोघे येत. लेखिका एलिझाबेथ एलेट यांनी पो यांच्या घरी ऑसगुडबाईंचे पत्र पाहिल्याचे बाहेर फुटले, आणि १८४६ च्या प्रारंभी फुलर आणि लिंच या दोघी ऑसगुड यांची पत्रे परत मागण्यासाठी पो यांच्या दारी गेल्या. पत्र परत मागणे हा त्या काळी अब्रू राखण्याचा रूढ मार्ग होता. एखाद्या संग्रहात एका व्यक्तीची पत्रे अचानक नाहीशी झालेली दिसली तर ती परत गेली असतील, हेही मनात धरा.

तुमच्या आनंदीबाईंकडे शेवटी येते, कारण तेथील धागा या वर्तुळांना थेट जोडलेला आहे. आनंदीबाईंचे पहिले इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सने काढले आणि ते लिहिले कॅरोलाइन हीली डॉल यांनी. याच डॉल १८४१ मध्ये, अठरा वर्षांच्या असताना, बोस्टनमध्ये मार्गारेट फुलर यांच्या ग्रीक पुराणकथांवरील संभाषणांना बसत होत्या आणि टिपणे घेत होत्या. ती टिपणे त्यांनी १८९५ मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्यांचे पती १८५५ मध्ये युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाचे मिशनरी म्हणून कलकत्त्याला गेले आणि १८८६ मध्ये तेथेच वारले. म्हणजे डॉलबाईंच्या संसाराचाही बराच भाग टपालावर चालला. फुलर यांच्या दिवाणखान्यापासून पुण्याच्या आनंदीबाईंपर्यंतची ही वाट एका बाईच्या लेखणीतून जाते, आणि प्रबंधासाठी मला ती फार मोलाची वाटते. मात्र त्या चरित्रातील पत्रे डॉल यांच्या निवडीची आहेत हे विसरू नका. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र शेजारी ठेवून वाचा, आणि कोणत्या वाचकासाठी कोणते पत्र निवडले गेले ते ताडून पाहा.

आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशीच्या नात्याने लिहीत, तेही भेट होण्याच्या आधीपासून. दोघींचा पत्रव्यवहार १८८० मध्ये सुरू झाला आणि भेट जून १८८३ मध्ये, न्यूयॉर्कला. अनोळखी वडीलधाऱ्या बाईला नात्याने हाक मारणे ही आपली रीत आहे, म्हणून मराठी वाचकाला त्यात विशेष वाटत नाही. अमेरिकन वाचकाला ती केवळ गोड औपचारिकता वाटू शकते. त्या हाकेत रीत किती आणि माया किती, हे पत्रांतून ठरत नाही. त्यासाठी पत्रांबाहेर जावे लागते. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या आणि गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या स्वतःच्या जागेत, त्या ठेवल्या आहेत आणि वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. पुढच्या वेळी एखाद्या संबोधनापाशी अडलात तर त्या दोघींच्या आयुष्यात असा एखादा दगड, मृत्युपत्र, प्रवास किंवा जपून ठेवलेली पेटी सापडते का ते आधी शोधा, आणि मगच त्या शब्दाविषयी लिहा.